पदव्युत्तर शिक्षणाबद्दल विकत घेतलेला सल्ला

मी राज्य शासनाच्या लेखा विभागातून निवृत्त झालो. नोकरीतील बरीच वर्षे इतरांच्या वेतननिश्चितीची प्रकरणे तपासण्यात गेली. त्यामुळे पुढे शिकले की पगार वाढतो असे कोणी म्हटले, की तो कोणत्या नियमाने वाढतो, कोणत्या तारखेपासून वाढतो आणि ती वाढ कोण देतो, हे विचारण्याची सवय जडली आहे. गेल्या वर्षी आमच्या घरात एकाच वेळी तिघांपुढे हा प्रश्न उभा राहिला. मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली आणि सेट, म्हणजे महाविद्यालयात शिकवण्यासाठीची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा, उत्तीर्ण असून एका अनुदानित महाविद्यालयात तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, शिकवते. तिला पीएच.डी. करायची होती. पुतण्या यंत्र अभियांत्रिकीचा पदवीधर असून चाकणच्या एका कारखान्यात तीन वर्षांपासून नोकरीला आहे. एम.टेक. करावे की एम.बी.ए., याचा त्याचा निर्णय होत नव्हता. सून बी.ए., बी.एड. असून माध्यमिक शाळेत शिक्षणसेवक, म्हणजे नियमित होईपर्यंत ठरावीक मानधनावरची शिक्षिका, म्हणून रुजू झाली आहे. तिने बाहेरून एम.ए. करावे का, हा तिसरा प्रश्न होता.

तिघांसाठी आम्ही पुण्यातील एका शैक्षणिक समुपदेशन केंद्राची सेवा घेतली. केंद्राचे नाव येथे देत नाही, कारण मला आढळलेल्या त्रुटी एकट्या त्या केंद्राच्या आहेत असे मला वाटत नाही आणि अशा ठिकाणी पैसे भरण्याच्या विचारात असलेल्या वाचकाला नावापेक्षा त्रुटींचे स्वरूप समजणे अधिक उपयोगाचे आहे. माणशी ७,५०० रुपये शुल्क होते. तिघे एकाच कुटुंबातील म्हणून एकूण २०,००० रुपये घेतले आणि त्याची पावती लगेच मिळाली. या शुल्कात प्रत्येकी तीन भेटी, एक कल चाचणी आणि शेवटी छापील अहवाल यांचा समावेश होता.

आधी चांगले सांगतो, कारण ते मनापासून सांगण्यासारखे आहे. ठरलेल्या वेळेला भेट सुरू होत असे आणि बाहेर ताटकळत बसावे लागले नाही. समुपदेशक मॅडमनी पहिल्याच दिवशी मला नम्रपणे बाहेर थांबण्यास सांगितले आणि मुलीशी एकटीशी पाऊण तास बोलल्या. त्या संभाषणात तिने जे सांगितले ते माझ्यासमोर तिने कधीच सांगितले नसते. पीएच.डी.ची ओढ तिला पगारासाठी नव्हती, प्रयोगशाळेसाठी होती, हे मला त्या दिवशी घरी परतताना बसमध्ये कळले. पुतण्याच्या बाबतीतही कल चाचणीने एक गोष्ट नेमकी पकडली. त्याला माणसांचा गट सांभाळण्यापेक्षा आकडेमोड आणि रचना यांत जास्त रस आहे. माणसाला बोलते करण्याचे कौशल्य या केंद्राकडे निश्चित आहे आणि त्यासाठी काही पैसे मोजणे मला गैर वाटत नाही.

तक्रार सुरू होते ती उत्पन्नाच्या विषयापासून. दुसऱ्या भेटीत प्रत्येकाला एक रंगीत तक्ता देण्यात आला. त्यावर पदवी, पदव्युत्तर पदवी, डॉक्टरेट आणि व्यावसायिक पदवी असे चार चढते स्तंभ होते, उत्पन्न रुपयांत दाखवले होते आणि शेजारी बाणाने वाढीची टक्केवारी लिहिलेली होती. तिघांनाही एकच तक्ता मिळाला. खाली बारीक अक्षरांत आकडे अमेरिकेतील असल्याची टीप होती. अमेरिकेच्या कामगार आकडेवारी विभागाचे आकडे मला ओळखीचे होते. २०२३मध्ये तेथे पूर्णवेळ काम करणाऱ्या पदवीधराची मध्यक साप्ताहिक कमाई १,४९३ डॉलर, पदव्युत्तर पदवीधारकाची १,७३७, डॉक्टरेट असलेल्याची २,१०९ आणि व्यावसायिक पदवी असलेल्याची २,२०६ डॉलर होती. हे आकडे खरे आहेत. पण ते डॉलरमधून रुपयांत आणून सांगली किंवा पुण्याच्या मुलीपुढे ठेवण्याला काही अर्थ नाही. तेथे व्यावसायिक पदवी म्हणजे मुख्यतः वैद्यक आणि कायदा, आणि हे दोन्ही अभ्यासक्रम तेथे साधारणपणे पहिली पदवी झाल्यावर सुरू होतात. आपल्याकडे एम.बी.बी.एस. बारावीनंतर सुरू होते आणि एल.एल.बी.चा पाच वर्षांचा अभ्यासक्रमही बारावीनंतर करता येतो. म्हणजे तक्त्यातील सर्वांत उंच स्तंभ आपल्याकडे पहिल्याच पदवीचा ठरतो. शिवाय सरासरी किंवा मध्यक आकड्यात सगळे विषय आणि सगळे व्यवसाय एकत्र मिसळलेले असतात. एम.ए. मराठी, एम.टेक. आणि एम.डी. या तीन पदव्यांना एकाच स्तंभात उभे केले, तर त्या स्तंभाची उंची तिघांपैकी कोणालाच काही सांगत नाही.

माझी धारणा अशी आहे, आणि ती मी तिसऱ्या भेटीत मॅडमना स्पष्ट बोलून दाखवली, की उच्च पदवीमुळे उत्पन्न वाढते ते तिच्यामागे उभ्या असलेल्या एखाद्या नियमामुळे, परवान्यामुळे किंवा संस्थेच्या नावामुळे. जिथे या तिन्हींपैकी काहीच नाही, तिथे पदवीमुळे ज्ञान वाढेल, पण पगारपत्रक बदलेलच असे नाही. म्हणून समुपदेशकाने प्रत्येक पदवीबाबत पहिला प्रश्न असा विचारला पाहिजे की, या कागदाचे पैसे नेमके कोण देणार आहे?

मुलीचे प्रकरण मी सविस्तर मांडतो, कारण केंद्राची सर्वांत मोठी चूक तेथे झाली आणि सर्वांत जास्त हिशेबही तेथेच करावा लागला. तिला सांगण्यात आले की आता पीएच.डी.शिवाय सहायक प्राध्यापक होताच येत नाही. ही माहिती जुनी आणि अर्धवट होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांत विद्यापीठ विभागांतील थेट भरतीसाठी १ जुलै २०२१पासून पीएच.डी. अनिवार्य करण्याची तरतूद होती. ती पुढे १ जुलै २०२३पर्यंत लांबवली गेली आणि २०२३च्या जुलैत आयोगाने नेट ही राष्ट्रीय परीक्षा किंवा सेट, स्लेट या राज्यस्तरीय परीक्षा हीच किमान पात्रता राहील असे जाहीर केले. महाविद्यालयांना ती सक्ती तेव्हाही लागू नव्हती. म्हणजे सेट उत्तीर्ण असलेली माझी मुलगी आजही पात्र उमेदवार आहे. मुलाखतीला बोलावण्यासाठी जे गुण धरले जातात त्यात पीएच.डी.ला सेटपेक्षा कितीतरी अधिक वजन असते हे खरे आहे, आणि त्याच कारणाने ती पदवी मिळवावी असे सांगितले असते तर मी मान्य केले असते. परंतु पात्रता आणि प्राधान्य यांतला फरक पुसून टाकून एखाद्या मुलीला घाबरवणे योग्य नाही. मुलगी त्या संध्याकाळी जेवली नाही. ‘बाबा, मग माझी सेट वाया गेली का?’ असे तिने विचारले आणि मला विनियमांची प्रत काढून तिच्यासमोर ठेवावी लागली.

आता पैशांकडे येतो. सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन शैक्षणिक स्तर १० या वेतनाच्या पायरीवर ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. स्तर १०वरून ११वर जाण्यासाठी पीएच.डी. असलेल्याला चार वर्षे, एम.फिल. असलेल्याला पाच आणि दोन्ही नसलेल्याला सहा वर्षे सेवा लागते. मी वेतनस्तंभ घेऊन बसलो आणि दोन्ही रस्ते वर्षागणिक लिहून काढले. पहिल्या पायरीवरचा फरक आश्चर्य वाटावे इतका लहान आहे. चौथ्या वर्षी पीएच.डी. असलेली व्यक्ती ६८,९००वर जाते तेव्हा दुसरी ६४,९००वर असते. सहाव्या वर्षी दुसरीही स्तर ११मध्ये आली की अंतर आणखी कमी होऊन मूळ वेतनात सुमारे दोन हजारांचे उरते. केवळ या पायरीसाठी कोणी आयुष्याची चार-पाच वर्षे खर्च करावीत असे मी म्हणणार नाही. खरा फरक पुढे आहे. सहयोगी प्राध्यापक होण्यासाठी पीएच.डी. अनिवार्य आहे आणि त्या पदाचा स्तर १३-अ, म्हणजे मूळ वेतन १,३१,४०० रुपयांपासून सुरू होते. पीएच.डी.सह सेवेत आलेली व्यक्ती चार, पाच आणि तीन अशा एकूण बारा वर्षांनी या पदाला पात्र ठरते. त्या वेळी तिचे स्तर १२मधील मूळ वेतन नव्वद हजारांच्या थोडे पुढे असते, तेथून ते एकदम १,३१,४००वर जाते. म्हणजे एका पदोन्नतीत मूळ वेतनात चाळीस हजारांच्या जवळपास वाढ होते, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता, आणि पुढे प्राध्यापकपदाचा १,४४,२०० रुपयांचा स्तर १४. पीएच.डी. नसेल तर हा दरवाजा बंदच राहतो. या पदवीचे आर्थिक मोल बाराव्या वर्षी हाती येते आणि तोपर्यंत ते जवळजवळ दिसतच नाही. उत्पन्नाचे कोणतेही सरासरी चित्र ही गोष्ट दाखवू शकत नाही.

मात्र हा सगळा हिशेब पूर्णवेळ, मंजूर पदावरच्या माणसाचा आहे. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना तो लागू होत नाही. माझ्या मुलीच्या महाविद्यालयात सेट उत्तीर्ण आणि पीएच.डी.धारक यांना तासाचा दर एकच मिळतो, सुट्टीच्या महिन्यांत दोघांच्याही खात्यावर काही जमा होत नाही आणि पद भरले जाईपर्यंत पदवी कितीही मोठी असली तरी त्यात बदल होत नाही. राज्यातील अनुदानित महाविद्यालयांत अशा रीतीने वर्षानुवर्षे शिकवणारी माणसे मी जवळून पाहिली आहेत. त्यांच्यापैकी कित्येकांच्या नावामागे ‘डॉ.’ आहे. हे वास्तव केंद्राच्या अहवालात एका ओळीनेही नव्हते आणि या एका गोष्टीसाठी मी त्या अहवालाला उत्तीर्ण म्हणू शकत नाही.

याहून खेदाची बाब अशी की तिच्या हिताची सर्वांत मोठी माहिती केंद्राने दिलीच नाही. सेटमुळे अध्यापनाची पात्रता मिळते, पण पाठ्यवृत्ती मिळत नाही. पाठ्यवृत्तीसाठी नेटमधून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती, मिळवावी लागते. १ जानेवारी २०२३पासून कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर वरिष्ठ पाठ्यवृत्ती दरमहा ४२,००० रुपये आहे, घरभाडे भत्ता निराळा. पाच वर्षांचा हिशेब केला तर पहिल्या दोन वर्षांचे ८,८८,००० आणि पुढील तीन वर्षांचे १५,१२,००० मिळून बरोबर २४ लाख रुपये होतात. त्याच प्रयोगशाळेत, त्याच मार्गदर्शकाकडे, तितकेच काम करणाऱ्या पण पाठ्यवृत्ती नसलेल्या विद्यार्थ्याला ते २४ लाख मिळत नाहीत. पदवी दोघांची सारखीच असते. जेआरएफसाठी वयोमर्यादा असते आणि स्त्रियांना तीत पाच वर्षांची सवलत आहे, म्हणून माझ्या मुलीला प्रयत्नाला अजून वेळ होता. याशिवाय महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था आपापल्या समाजघटकांतील संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. पुण्यात बसून पदव्युत्तर शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या केंद्राने या तीन नावांचा उच्चारही करू नये, हे मला पटले नाही. शुल्क घेऊन सल्ला देणाऱ्याने निदान एवढे गृहपाठ म्हणून करायला हवे.

पुतण्याच्या बाबतीत चूक वेगळ्या प्रकारची होती. त्याला दोन्ही पर्याय ‘उत्तम’ म्हणून सांगितले गेले आणि मधल्या काळाचा खर्च धरला गेला नाही. त्याचा हातात येणारा पगार ४२,००० रुपये आहे. दोन वर्षे नोकरी सोडली तर १०,०८,००० रुपयांना मुकावे लागते. गेट ही अभियांत्रिकीची राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते, ते दोन वर्षांत २,९७,६०० होते. शुल्क बाजूला ठेवले तरी ७,१०,४०० रुपयांचा खड्डा उरतो आणि तो भरून निघण्यासाठी पदवीनंतर पगार किती वाढेल हे विचारणे क्रमप्राप्त होते. त्याने स्वतःच आपल्या कारखान्यात चौकशी केली. उत्पादन विभागात बी.ई. आणि एम.टेक. दोघांना एकाच श्रेणीत घेतात. मोठ्या सार्वजनिक उपक्रमांतील अभियंता प्रशिक्षणार्थींची भरतीही गेटच्या गुणांवर आणि बी.ई.च्या पात्रतेवर होते, एम.टेक. असले म्हणून तेथे वरची श्रेणी मिळत नाही. म्हणजे गेटचा अभ्यास करणाऱ्या मुलाला कधी कधी एम.टेक.पेक्षा गेटचे गुणपत्रकच अधिक पैसे मिळवून देते.

याचा अर्थ एम.टेक. निरुपयोगी आहे असा नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवायचे असेल तर एम.ई. किंवा एम.टेक. ही अट आहे आणि तेथे तीवाचून चालत नाही. चिप रचनेच्या क्षेत्रात आणि गाड्यांच्या सांगाड्यांचे, कंपनांचे, उष्णतेचे संगणकीय विश्लेषण करणाऱ्या विभागांत एम.टेक.ला स्पष्ट प्राधान्य मिळते, कारण तेथील काम पदवीच्या चार वर्षांत शिकवलेच जात नाही. पुतण्याच्या कल चाचणीने तर बोट नेमके याच दिशेने दाखवले होते. केंद्राने चाचणीचा निष्कर्ष आणि नोकरीचे क्षेत्र यांची सांगड घातली असती, तर तिसऱ्या भेटीतच त्याला उत्तर मिळाले असते. चाचणी एका पानावर राहिली, उत्पन्नाचा तक्ता दुसऱ्या पानावर राहिला आणि दोन्ही जोडण्याचे काम आम्हाला जेवणाच्या टेबलावर करावे लागले.

एम.बी.ए.च्या बाबतीत मला केंद्राच्या हेतूबद्दल शंका घ्यावी लागली. अहवालात एका खासगी विद्यापीठाच्या ऑनलाइन एम.बी.ए.ची ठळक शिफारस होती. त्या विद्यापीठाशी केंद्राचा काही करार आहे का, असे मी थेट विचारले. मॅडम क्षणभर थांबल्या आणि त्यांनी होय म्हणून प्रामाणिकपणे सांगितले. त्यांच्या प्रामाणिकपणाचा मी आदर करतो, पण ही गोष्ट न विचारता, पहिल्या पानावर, शुल्क घेण्याआधी लिहिलेली असली पाहिजे. वैद्य आणि औषधविक्रेता यांच्यात करार असेल तर रुग्णाला ते आधी कळले पाहिजे, इतकी साधी ही अपेक्षा आहे.

एम.बी.ए.मध्ये तर संस्थेचे नावच सर्वस्व असते. अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३मध्ये मांडलेल्या विचाराचा गाभा असा की, नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची गुणवत्ता आतून दिसत नाही, म्हणून तो पदवीकडे खूण म्हणून पाहतो, आणि जी खूण मिळवणे सर्वांना सारखे सोपे असते ती काहीच सांगत नाही. अहमदाबादच्या आयआयएमचे शुल्क २० लाख रुपयांहून अधिक आहे आणि तरीही तेथे प्रवेशासाठी देशभरातून लाखो मुले कॅट देतात, कारण प्रवेश मिळणे हीच ती खूण आहे. मुंबईची जमनालाल बजाज संस्था १९६५पासून चालते. तिचे शुल्क त्यामानाने फारच कमी आहे आणि नाव मोठे आहे, म्हणून आपल्या राज्यातील सीईटी देणारी मुले तिच्यासाठी जिवाचे रान करतात. ज्या ऑनलाइन अभ्यासक्रमाला अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला प्रवेश मिळतो, तो शिकण्यासाठी चांगला असू शकेल, परंतु त्याच्या बळावर पगार दुप्पट होईल असे कोणी सांगत असेल तर त्याने तसे लेखी द्यावे.

कर्जाचा मुद्दाही दोन वाक्यांत उरकला गेला. २० लाखांचे शैक्षणिक कर्ज १० टक्के व्याजाने १० वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे २६,४०० रुपये येतो. अभ्यासक्रमाच्या काळात हप्ता सुरू होत नसला तरी व्याज वाढतच असते. नवा पगार जुन्यापेक्षा किमान हप्त्याइतका अधिक नसेल, तर दहा वर्षे मुलगा आधीपेक्षा कमी पैशांत राहणार, हे त्याला आधीच सांगायला हवे. पुतण्याला हे मी सांगितले तेव्हा तो म्हणाला, ‘काका, मला वाटलं होतं पॅकेज मोठं म्हणजे सगळं आपोआप फिटतं.’

सुनेच्या प्रश्नाला केंद्राने सर्वांत कमी वेळ दिला. तिचा हिशेब मात्र सर्वांत सोपा होता. १ जानेवारी २०२३पासून शिक्षणसेवकांचे मानधन प्राथमिकसाठी १६,०००, माध्यमिकसाठी १८,००० आणि उच्च माध्यमिकसाठी २०,००० रुपये आहे आणि हा काळ तीन वर्षांचा असतो. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला पदव्युत्तर पदवी लागते, म्हणजे त्या टप्प्यावर एम.ए.चे मोल महिन्याला २,००० रुपये आहे. नियमित झाल्यावर वेतनश्रेणी निराळी असते आणि फायदा वाढतो, पण त्यासाठी तिला नव्याने भरतीतून जावे लागेल. आहे त्याच माध्यमिक पदावर राहून एम.ए. केले, तर लगेच पगारात काही फरक पडणार नाही. बाहेरून परीक्षा दिल्याने नोकरी सोडावी लागत नाही, शुल्क थोडे असते आणि दार उघडे राहते, म्हणून मी तिला करावे असेच सुचवले. केंद्राच्या अहवालात तिच्यासाठी फक्त ‘पदव्युत्तर शिक्षण उत्पन्नवाढीस पोषक’ असे वाक्य होते, जे कोणालाही लागू पडेल.

शासकीय नोकरीत आणि इतर काही व्यवसायांत काय घडते, हेही अशा केंद्रांनी सांगायला हवे, कारण आपल्याकडील फार मोठा वर्ग त्याच वाटेने जातो. केंद्र शासनाने २०१९मध्ये सेवेत असताना उच्च पदवी मिळवणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी एकरकमी प्रोत्साहन वाढवले. पीएच.डी.ला ३०,००० रुपये, एक वर्षाहून अधिक मुदतीच्या पदव्युत्तर पदवीला २५,००० रुपये. ही रक्कम एकदाच मिळते आणि पदवीचा कामाशी थेट संबंध असेल तरच मिळते. नागरी सेवा परीक्षेतून निवडला गेलेला बी.ए. आणि त्याच परीक्षेतून निवडला गेलेला पीएच.डी. दोघेही ५६,१०० रुपयांच्या एकाच मूळ वेतनापासून सुरुवात करतात. वकिलीत सनदेसाठी एल.एल.बी. पुरेशी आहे. एल.एल.एम.चा उपयोग अध्यापनात होतो, पण तालुका न्यायालयातील पक्षकार वकिलाची फी ठरवताना ती पदवी विचारत नाही. वैद्यकात चित्र पूर्ण उलटे आहे. केंद्रीय आरोग्य सेवेत एम.बी.बी.एस. डॉक्टर स्तर १०वर, ५६,१०० रुपयांवर येतो आणि विशेषज्ञ स्तर ११वर, ६७,७०० रुपयांवर. खासगी व्यवसायात हे अंतर कितीतरी मोठे होते, कारण शल्यविशारद किंवा भूलतज्ज्ञ म्हणून काम करण्याचा अधिकारच एम.एस., एम.डी.सारख्या तीन वर्षांच्या पदवीतून येतो. वाणिज्य शाखेत सनदी लेखापाल ही विद्यापीठाची पदवी नसूनही एम.कॉम.पेक्षा बाजारात तिचे मोल अधिक आहे आणि २०२१मध्ये अनुदान आयोगाने तिला पदव्युत्तर पदवीशी समकक्ष मानले. एका स्तंभात हे सगळे कसे मावणार?

या सेवेसाठी मी पाचपैकी दोन गुण देईन, आणि ते दोन्ही समुपदेशक मॅडमच्या ऐकून घेण्याच्या वृत्तीला आणि कल चाचणीला आहेत. आपल्या मुलाला काय आवडते याचा ज्यांना थांग लागत नाही, त्यांनी तेवढ्यापुरती ही सेवा घ्यावी. उत्पन्नाच्या प्रश्नासाठी जायचे असेल, तर पैसे भरण्याआधी त्यांच्या तक्त्यातले आकडे कोणत्या देशाचे, कोणत्या वर्षाचे आणि कोणत्या व्यवसायाचे आहेत हे विचारावे, करार असलेल्या संस्थांची यादी मागावी आणि अभ्यासक्रमाच्या काळात गमावलेला पगार अहवालात धरणार का, हे लेखी घ्यावे.

आम्ही तिसऱ्या भेटीनंतर लेखी तक्रार दिली. शुल्क परत मागितले नव्हते, चुका दुरुस्त कराव्यात एवढेच म्हटले होते. आठवड्याभरात मुलीच्या अहवालातील पात्रतेचे पान बदलून मिळाले, बाकीचे तसेच राहिले. मुलगी सध्या सकाळी तासिका घेते आणि दुपारी जेआरएफचा अभ्यास करते. पुतण्याने नोकरी न सोडता गेटचा अर्ज भरला आहे. सुनेची एम.ए.ची पुस्तके आली आहेत. दोन महिन्यांनी मॅडमचा मला फोन आला. स्तर १० ते १४ची जी मांडणी मी तिसऱ्या भेटीत कागदावर करून दाखवली होती, ती इतर मुलांना दाखवण्यासाठी मिळेल का, असे त्यांनी विचारले. मी स्वच्छ प्रत करून पाठवली आणि वर कोपऱ्यात ती कोणत्या तारखेच्या नियमांवर आधारलेली आहे ते लिहून दिले.